पंडुमआधीची कैरी

आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक खानावळ आहे. आहे म्हणजे अजूनही आहे आणि मी अजूनही तिथेच जेवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी ताटातूट होणार म्हणून कुणी वाट पाहत बसायला नको. ताटातूट झाली असती तर परवडलं असतं.

खानावळ म्हणजे काय, चार टेबलं, वर पत्रा, आणि एक कूलर. त्याची हवा फक्त पहिल्या टेबलाला लागते, आवाज मात्र सगळ्यांना सारखा. चालवणारी बाई भामरागडच्या पलीकडच्या गावची, माडिया आदिवासी. नवरा इथल्या वसतिगृहावर चौकीदार. वसतिगृहातली तिकडची मुलं मेसच्या पाणीदार वरणाला कंटाळली, म्हणून तिने आधी त्यांच्यापुरतं रांधायला घेतलं, आणि त्यातूनच पुढे खानावळ झाली. भात, लाखोळीची डाळ, आंबाडीची आंबट भाजी, सुकवलेल्या मासोळ्या, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि कधीतरी लाल मुंग्यांची चटणी. पहिली दोन वर्षं आमच्या गावच्या सभ्य लोकांनी "मुंग्या खातात म्हणे" म्हणून नाकं मुरडली. मग कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला आणि तीच नाकं रांगेत येऊन उभी राहिली. लोकांचं हे असंच असतं, मला त्याचं नवल नाही. मला नवल माझं वाटतं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी हैदराबादला असते, रविवारी फोन करते आणि "जेवलीस का" एवढं विचारून स्वतःचं सुरू करते. माझं शेवटचं प्रॅक्टिकल अडीचला संपतं. मी खानावळीत पोचेपर्यंत गिऱ्हाईक आटोपलेलं असे. मग ती दोन ताटं घेई, एक माझं, एक तिचं, आणि आम्ही समोरासमोर बसून जेवत असू. ती मला बाई म्हणायची, मी तिला बाई. चार वर्षं हे चाललं. त्या दुसऱ्या ताटासाठी मी जगत होते असं म्हटलं तर नाटकी वाटेल. पण घरी मला भूक लागत नाही आणि तिथे लागायची, एवढं खरं.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मी गाडीवरून एक कैरी घेतली, तिखटमीठ लावून जेवणासोबत खाऊ म्हणून टेबलावर ठेवली. ती घास तसाच ठेवून उठली.

"बाई, ते पर्समधी ठेवा. नाईतर बाहेर."

"काऊन वं?"

"आमच्या गावात पंडुम नाई झाला अजून."

पंडुम म्हणजे त्यांचा सण. नव्या आंब्याचा वेगळा पंडुम असतो. गावाचा पुजारी, त्याला ते गायता म्हणतात, पहिला आंबा देवाला आणि मेलेल्या वाडवडिलांना देतो, मग गाव खातं. तोवर झाडाखाली सडा पडला तरी कुणी घरात आणत नाही. लहान पोरसुद्धा नाही. "पहिले त्याईले, मंग आपल्याले," ती म्हणाली.

मला चेष्टा सुचली. "अन् तुझ्या देवाले इथं चंद्रपुरातलं दिसते काय?"

ती हसली. "त्याले नाई दिसत असंन. मले दिसते ना."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवलं, अगदी तिच्या हेलात. मे महिन्यात ती गावाहून पंडुम करून आली, तेव्हा तिने कैरी घालून मुंग्यांची चटणी वाटली आणि पहिला घास मला दिला. तेही मी स्टाफरूममध्ये सांगितलं. म्हणजे मला माहीत होतं. अडाणीपणाची पळवाट माझ्यासाठी नाही.

यंदा चैत्रात पुण्याहून कॉलेज तपासायला तिघांची समिती आली. प्राचार्यांनी ठरवलं, पाहुण्यांना आदिवासी जेवण घालायचं, आणि ती जबाबदारी माझ्यावर. मला तर हरभऱ्याच्या झाडावर चढायला निमित्तच मिळालं. माझी खानावळ, माझा शोध! समितीतल्या मॅडमना मी फोनवर सांगून बसले, की कैरीतली मुंग्यांची चटणी खाल्ल्याशिवाय तुम्हाला जाऊ देणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मी त्यासाठीच येतेय."

समिती यायच्या दिवशी सकाळी मी तिला सांगायला गेले. ती तांदूळ निवडत होती.

"कैरी नाई होणार, बाई," ती म्हणाली. "आमचा गायता वारला. पंडुम लांबला औंदा. आंबाडी घालून वाटते मी. आंबट होते. लोकाईले कळणार बी नाई."

"त्याईले कळते. मी सांगितलं आहे कैरीचं."

"मंग सांगा, पंडुम नाई झाला म्हणून."

इतकं सोपं होतं. सांगा, पंडुम नाही झाला म्हणून. पुण्याच्या मॅडमनी उलट वहीत लिहून घेतलं असतं, खूश झाल्या असत्या. पण मला वाटलं, माझा शब्द खाली पडेल. प्राचार्य म्हणतील, एवढीशी चटणी हिला जमली नाही. तेवीस वर्षं ह्या कॉलेजात काढली, दर वेळी कुणीतरी माझ्याकडे 'हिला जमेल का' अशा नजरेने पाहिलं, आणि दर वेळी मी जमवून दाखवलं. ती खोड आता हाडात गेली आहे. मी बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून तीन कैऱ्या घेतल्या आणि परत आले.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आतमधी नका आणू, बाई."

आता इथे मला माझं एक जुनं दुखणं सांगावं लागेल. मी चौथीत असताना वर्गातल्या एका मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जायची. आम्ही बौद्ध. त्यांच्या घरात मला ओसरीवर बसवत. प्यायला पाणी मिळे, पण ग्लास वेगळा, कोनाड्यात ठेवलेला. प्यायल्यावर तो मीच मोरीवर विसळायचा आणि कोनाड्यात पालथा घालायचा. एकदा खेळता खेळता मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले, तर तिची आई कढईवरून नजर न उचलता म्हणाली, "आत नको येऊस गं." रागावली नव्हती. माशी हाकलावी तितक्याच सहज म्हणाली. त्या दिवशी मी घरी येऊन ठरवलं, की ह्यापुढे कुणाच्या स्वयंपाकघराच्या दारात आपण थांबायचं नाही. आणि थांबलेही नाही कधी. कॉलेजात, सासरी, सभासमारंभात, कुठेच नाही.

तर, "आतमधी नका आणू" हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. समोर कोण उभं आहे, काय म्हणतंय, कशासाठी म्हणतंय, ह्यातलं काही मी पाहिलं नाही. चौथीतल्या त्या मैत्रिणीच्या आईचा हिशेब मी ह्या बाईकडे चुकता करायला निघाले. वड्याचं तेल वांग्यावर काढतात, तसं.

"सरक," मी म्हणाले. "तू हात नको लावू. मी वाटते."

ती बाजूला झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी तिची विळी घेतली, कैऱ्या चिरल्या, तिच्याच पाट्यावर मुंग्या, मिरची, मीठ आणि कैरी वाटली. ती चुलीकडे तोंड करून भाताला आधण ठेवत होती. एकदाही वळून पाहिलं नाही तिने.

पाहुणे आले, जेवले. मॅडमनी आधी चटणीचे फोटो काढले, मग चाटून पाहिली आणि डोळे मिटले. "किती अस्सल आहे हो हे! शहरी हात लागलेलाच नाही." मी तिखटाने झोंबणारी बोटं पदराला पुसत "हो ना" म्हणाले. प्राचार्य माझ्याकडे पाहून हसले. मला त्या वेळी आनंद झाला, हेही लिहिलं पाहिजे. चांगला झाला होता.

गाडी गेली तेव्हा तीन वाजले होते. मी माझ्या टेबलाशी बसले. तिने ताट आणलं. एकच.

"तुझं?"

"मी नाई जेवत आज."

मग मी बोलायला लागले, आणि जे बोलायला नको ते सगळं बोलले. की एवढ्याशा कैरीचं काय घेऊन बसलीस. की आमच्या आजोबांनी घरातले देव एका दिवसात नदीत सोडले, काही कोसळलं नाही आमच्यावर. की शिकल्यासवरल्या मुलांना जेवू घालतेस आणि स्वतः असल्या गोष्टी धरून बसतेस. शास्त्राची बाई मी, वर्गात बोलावं तशी बोलत राहिले. आजोबांनी देव सोडले ते स्वतःचे, दुसऱ्याच्या घरात घुसून दुसऱ्याचे नाही सोडले, हा फरक मला तेव्हा सुचला नाही. घरी गेल्यावर सुचला. शहाणपण मला नेहमी घरी गेल्यावर सुचतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी खाल्लं नाई, बाई. पण घरात आलं ना ते. गावात जाऊन सांगा लागंन आता."

"कोण विचारते तुले? कोणाले कळणार आहे?"

"मले कळलं ना."

दुसऱ्या दिवसापासून खानावळ बंद. दारावर वसतिगृहातल्या एका मुलीने खडूने लिहिलं होतं, 'गावी गेल्या आहेत.' आठ दिवस मी घरी जेवले, म्हणजे जेवले नाहीच. रोज अडीचनंतर त्या गल्लीतून जायची आणि कुलूप पाहून परत फिरायची. ती मुलं पुन्हा मेसचं वरण पीत होती. त्यातली दोघं रस्त्यात भेटली, 'नमस्ते मॅडम' म्हणाली, आणि त्यांना माहीत आहे की नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

नवव्या दिवशी दार उघडं दिसलं. मी जवळजवळ धावत गेले. आत पाटा नव्हता. त्याच्या जागी नवा मिक्सर होता.

"पाटा कुठी गेला?"

"नेला गावाकडं."

"अन् तिकडं काय केलं मंग? काय म्हणले लोक?"

"झालं जे व्हाचं ते." तिने एवढंच सांगितलं आणि ताट घेऊन आली. मी हात धरला तिचा. म्हणाले, "चुकलं माझं, बाई." आयुष्यात हे दोन शब्द मी फार कमी वेळा उच्चारले आहेत, नवऱ्यालाही ते फारसे मिळाले नाहीत. ती म्हणाली, "होते, बाई." हात सोडवून घेतला नाही. मी सोडेपर्यंत उभी राहिली.

तेव्हापासून माझी सरबराई वाढली. भात गरम, वरून डाळ विचारून, आंबाडीत लसूण माझ्या आवडीचा. "घ्या ना बाई अजून." मी म्हणायची, "तू बस ना." ती म्हणायची, "मी मांगून जेवीन." कधी कामाचं कारण, कधी भूक नाही, कधी उपास, आणि तिला उपास असतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तीनऐवजी साडेतीनला जाऊन पाहिलं, चारला जाऊन पाहिलं. ती थांबलेली असायची, पण बसायची नाही. एकदा चिडून मी अर्धं ताट टाकून उठले. दुसऱ्या दिवशी गेले तर तिने विचारलं, "काल बरं नव्हतं काय?" आणि खरोखर काळजीने विचारलं. काय करायचं अशा माणसाचं?

मे संपता संपता ती पुन्हा चार दिवस गावी गेली. ह्या वेळी मला आधी सांगून गेली, "पंडुम आहे." मला आशा लागली. आता झालं, मी मनाशी म्हटलं, आता देवाचं देवाला पोचेल आणि हिचा राग सुटेल. राग! मी अजून रागच समजत होते.

ती परतली त्या दिवशी ऊन असं होतं की कूलरचं पाणीही ऊन. दुपारचे तीन वाजले तरी टेबलं भरलेली, कारण मुलांना कळलं होतं. तिने गावाहून पिशवीभर आंबे आणले होते, रानातले, लहान, हिरवे. विळीवर पातळ फोडी केल्या, मिठाचं बोट लावलं आणि पळसाच्या पानावर घेऊन ती टेबलाटेबलाशी फिरू लागली. मुलांना दिल्या. मोटारसायकल बाहेर लावून आलेल्या दोन खाण कामगारांना दिल्या. ते कुठले, कोण, तिला ठाऊकही नव्हतं. एकेकाच्या हातावर एकेक फोड, आणि प्रत्येक जण तोंड वाकडं करून हसत होता, इतकी आंबट.

माझ्या टेबलाशी ती आली, माझ्या ताटाकडे पाहिलं, भात संपत आलाय का ते बघितलं आणि पुढच्या टेबलाकडे वळली. मला वाटलं, विसरली.

मी हात पुढे केला. "मले?"

ती थांबली. तिला माझं विचारणं कळलं नसावं असं क्षणभर वाटलं.

"तुमचं त झालं ना बाई, पहिलेच."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, त्या बाबतीत मी कुणाला ऐकत नाही. जेवून आलेल्या माणसाला आपण आग्रह करत नाही, तितक्या साधेपणाने ती म्हणाली आणि पान घेऊन पुढे गेली.

मी पुढे केलेला हात पाण्याच्या ग्लासाकडे नेला. भात संपवला. मग मोरीवर जाऊन माझा ग्लास मी विसळला आणि पालथा घातला. ह्या वेळी मला तसं कुणी सांगितलं नव्हतं.