माळावरच्या दुर्बिणीसाठी राखलेला काळोख

हैबतरावाला गावकीत मान होता, आणि त्याच मानानं त्याचा घात केला. खांब गावच्या नाक्यावर एस.टी.तून उतरून डोंगराकडं चाललं की त्याची वाडी लागते. भात झालं की वाल, वाल झाले की लग्नं; दुसरं काही घडायचंच नाही तिथं. अशा वाडीत ब्याण्णव साली राष्ट्रीय खगोल संस्थेचा एक साहेब आला आणि माळावर छोटी दुर्बीण मांडून आभाळ तपासायला लागला.

जेवायला हैबतरावाच्याच घरी. त्याच्या बायकोला, रंभेला, वहिनी म्हणायचा. एकदा बोलला, "असा काळोख आता कुठं राहिलाय? मोठी वेधशाळा झाली तर इथंच. फक्त दिवे येऊ देऊ नका."

आणि नेमके त्याच वर्षी विजेचे पोल आले! वाडीला नको असतील तर पलीकडच्या गावाला जाणार होते. गावकी बसली. हैबतराव उठला, मधोमध मांडलेल्या नारळावर हात ठेवला नि म्हणाला, "पोल जाऊ द्या तिकडं. वेधशाळा आली की रस्ता येल, पोरं कामाला लागतील. शब्द माझा." नारळावरचा शब्द म्हणजे शब्द, त्यावर कोण काय बोलणार? पोल गेले.

मग काय विचारता! साहेब माळावर असला की घराघरांत कंदील सुपाआड. पोपटी म्हणजे थंडीतल्या रात्रीची मजा. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. हैबतरावानं ती भर दुपारी लावायला लावली. का, तर जाळाचा उजेड नको! लोक घाम पुसत शेंगा सोलायचे नि हसायचे. रंभा मात्र चाचपडत भाकऱ्या भाजायची, बोटं पोळून घ्यायची. "अवो, त्या गावात पंखे फिरतात," म्हणायची. "थांब गो जरा," एवढंच याचं उत्तर.

तिसऱ्या का चौथ्या हिवाळ्यात साहेब जीप घेऊन आला नि दुर्बीण पेटीत भरायला लागला. हैबतरावानं हौसेनं विचारलं, "मोठी कवा येते?"

"ती हिमालयात होणार. तिथलं आभाळ कोरडं, स्वच्छ. तुमच्याकडं चार महिने पाऊस, बाकी खाडीचा दमटपणा. चांगल्या आभाळाशी ताडून बघायला एक वाईट आभाळ हवं होतं, म्हणून इथं आलो."

"ह्ये तुमाला कवापासून ठाव हाय?"

साहेब पेटीचा पट्टा आवळत राहिला. "पहिल्यापासून. पण खरं सांगितलं असतं तर तुम्ही दिवे घेतले असते ना."

घ्या! घरचं मीठ खाल्लं, वहिनी म्हटलं, नि केसानं गळा कापला. जीप गेली तरी हैबतराव माळावर बसून होता. गावकीला तोंड कसं दाखवायचं, तेच त्याला कळेना.

दिवेलागणीला तो घरी आला. पलीकडचं गाव उजळलं होतं. रंभेनं कंदील लावला आणि सवयीनं पुढं सूप धरलं.

त्यानं कंदिलाकडं हात केला. "काढ गो ते सूप. माझ्यापायी लय काळोखात काढलंस. कंदील दे, गावकीपुढं जातो. शब्द बुडाला म्हणून सांगायचंय."

"शब्द त्या साहेबाचा बुडाला," रंभा फणकारली. "तुमचा कसा?"

"माझाच गो," तो म्हणाला. "त्यानं कुठं नारळावर हात ठेवलेला?"