उडता कावळा

सुगंधाबाईचा आवाज धानाच्या दोन बांध्या ओलांडून जातो, हे नागभीडकडच्या त्या गावात कोणालाही विचारा. पण तिचं नाव झालं ते आवाजामुळे नाही. पंचावन्न सालच्या धानाच्या रोवण्यात तिनं विचारलेल्या एका प्रश्नामुळे झालं.

तिच्या मनकर्णेला पंधरावं लागलं होतं. दिवाळीत पोरीला पहिल्यांदा कावळा शिवला. मग संक्रांत गेली, होळी गेली, कावळ्याचा पत्ता नाही. पाडव्यानंतर आला तो जेमतेम डाग ठेवून एका दिवसात परतला. पोरगी बाहेर बसली की गावाला कळतं, आणि नाही बसली की त्याहून लवकर कळतं. मोठी जाऊ रुखमाबाई हिनं निकाल दिला: पोरीचं पोट थंड आहे, वैदूचा गरम काढा पाजा. असाच काढा पिऊन शेजारगावची एक पोर महिनाभर खाटेवरून उठली नव्हती. सुगंधाबाईला ते ठाऊक होतं. स्वतःचं पहिलं वर्षही असंच लंगडत गेलेलं तिला आठवत होतं. पण जावेपुढे एकटीचं कोण ऐकतं? काढ्याचं गाडगं चुलीमागे येऊन बसलं. संध्याकाळी पाजायचा ठरला.

त्या दिवशी रोवणा होता. बायका ओळीनं वाकलेल्या, तोंडं चिखलाकडे. कोणाचा डोळा कोणाला भिडत नव्हता. अशा जागी लाज फार वेळ टिकत नाही. सुगंधाबाईनं मान वर न करता विचारलं,

"काऊन वं, तुमचा कावळा सुरवातीले येळेवर येत होता का?"

ओळ थबकली. मग आदिवासी पाड्यावरची मंगली हसली. त्यांच्यात बायकांना बसायला गावाबाहेर झोपडी असते. पहिल्या वर्षात तिला तिथं दोनदाच जावं लागलं म्हणे. एवढ्यानं बांध फुटला. कोणाचा कावळा चार महिने परगावी, कोणाचा पंधरवड्यातच हजर, कोणाचा नुसता सावली टाकून पसार. दोन-तीन वर्षांत सगळ्यांचे ताळ्यावर आले, आणि आता सगळ्या लेकुरवाळ्या.

रुखमाबाई तेवढी मुकाट्यानं रोवत होती. चार पोरांची आई ती. बऱ्याच वेळानं चिखलालाच सांगितल्यासारखं म्हणाली,

"माहा तं लगन होईपर्यंत उडता उडताच शिवून जाये."

सुगंधाबाई काही बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांना यातला पराक्रम कळेल.

संध्याकाळी रुखमाबाईनंच गाडगं उकिरड्यावर रिकामं केलं. पोरगी खाते, वाढते, झाडावर चढते, थांबावं. वाळायला लागली, पोट धरून बसली किंवा कावळा फारच लांबला, तर दवाखान्यातल्या बाईकडे न्यावं. हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असंही तिनं सांगून टाकलं. सुगंधाबाईनं तेही चालू दिलं.

मनकर्णा मात्र गप्प बसेना. दुपारी पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या पोचवताना तिनं सगळं ऐकलं होतं.

"मोठीमाय," ती म्हणाली, "मंग हा आळशी कावळा मले तुह्याकडूनच आला."

रुखमाबाई तिला मारायला धावली, पण हसत. सुगंधाबाई अंगणात उभी राहून दोघींकडे पाहत होती, कमरेवर हात ठेवून, गावची पाटलीण असल्यासारखी.