काडी बांधलेले तीन गड्डे

सेलिंग, तोंडावर तुझ्याविषयी बोलणं मला जमायचं नाही. म्हणून इथून पुढे तुला 'ती' म्हणते. मध्ये बोलू नकोस.

आटोकच्या डोंगरउतारावर सेलिंग बायाकसानइतकं भित्रं माणूस दुसरं नव्हतं. ती हिमाला भ्यायची, दरडीला भ्यायची, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्याच कीडनाशकाच्या फवाऱ्याला. फ्लॉवरचा गड्डा मुठीएवढा झाला की उन्हाने पिवळा पडू नये म्हणून पानं मिटून बांधतात. बाजारच्या गड्ड्यांना ती लाल दोरी बांधायची. ओळीच्या टोकाचे चार-चार गड्डे घरचे; त्यांच्यावर औषध मारायची नाही, त्यांना पेंढ्याची काडी. घरात काडीचेच गड्डे शिजायचे.

त्या दिवशी तिच्याकडे सावड होती. माझ्यासकट आठ बायका कापणीला आल्या होत्या. दुपारी आम्ही जेवायला वर घरी गेलो, सेलिंग मागे राहिली. एका ओळीच्या मधोमध तिला तीन ताजे बुडखे दिसले. शेजारी सुटलेल्या काड्या पडल्या होत्या.

तिने एक काडी उचलून पाहिली. गेल्या आठवड्यात लाल दोरी संपली, तेव्हा उद्या बदलू म्हणून इथे काडी तिनेच बांधली होती. ती साफ विसरली. आणि परवा या ओळीवर औषध मारलं होतं.

ती बांध चढत धापा टाकत धावली. ताटल्या वाढून झाल्या होत्या. चार वर्षांची नात टाली चमचा चाटत होती.

"खाऊ नका! कुणी खाऊ नका!"

"झालं! सेलिंगला आता रश्श्याचंही भय," म्हातारी पीना हसली. "भुताने शिजवलाय का गं?"

"तोंड मिट, पीना! औषध मारलेले गड्डे आहेत ते!"

"काडी होती हो, आई," सून जोसी पांढरी पडली. "काडी बघूनच कापले."

"माहितेय. मीच बांधली ती."

सेलिंगने पातेलं दाराबाहेर उपडं केलं आणि नातीला धरलं.

"किती खाल्लंस?"

"मटण खाल्लं. फ्लॉवर नाय आवडत."

"आणि रस्सा?"

टालीने चमचा पाठीमागे लपवला.

दवाखान्यात न्यायला जीप नव्हती; ती भाजी घेऊन खाली गेली होती. सेलिंग पोरीला मांडीवर घेऊन बसली. सारखी तिचे डोळे बघायची, तोंडाचा वास घ्यायची, छातीला कान लावायची. पोरगी वैतागली, "आजी, सोड ना!" दिवस कलला तेव्हा तिने भात मागितला. सेलिंगने मात्र दोन दिवस घास गिळला नाही.

तिसऱ्या दिवशी, सेलिंग, तू औषधाची रिकामी बाटली माझ्या हातात दिलीस. लेबल धुऊन गेलं होतं. म्हणालीस, "तू शिकलेली. शेतकी कचेरीत विचार, मारल्यावर किती दिवस थांबायचं ते."

मी म्हटलं, सोमवारी जाते.

किती सोमवार गेले; बाटली अजून माझ्या खिडकीत आहे.