खोटी हवा

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडायचं. तानसेन व्हायला गळा लागतो. तो गाऊ लागला की बायको आधी खिडकी लावून घ्यायची. पण कान! लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवायचा, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की झाला निकाल. दुसरे मेकॅनिक हवा कुठून गळते ते बघायला सांध्यावर पेट्रोल शिंपडत बसत. "ते कान नसलेल्यांचं काम," कानसेन म्हणायचा. तोरा होता हो त्याला. का नसावा?

त्या तोऱ्याचे या आठवड्यात पार तीन तेरा वाजले होते. सुईणबाईंची जुनी गाडी दारात उभी होती. ॲक्सिलरेटर दाबला की नीट पळायची. पाय काढला की अडखळायची, झटके द्यायची आणि गप्प व्हायची. भर चौकात अशीच बंद पडली, आणि बाई धापा टाकत पोचल्या तोवर बाळ त्यांची वाट न बघता जन्माला आलं होतं.

"या वेळी निभावलं," बाई म्हणाल्या होत्या. "पुढच्या वेळचं कोणी सांगावं? तुम्ही हात टेकले असतील तर तसं सांगा. लांबच्या बायकांना मी येऊ शकत नाही म्हणून कळवते."

म्हणजे कानसेनच्या एका शब्दावर कुठकुठल्या पोटुशा बाया टांगल्या होत्या, बघा.

सगळ्यात आधी त्याने कार्बोरेटरखालच्या सांध्यालाच कान लावला होता. लक्षण तसंच होतं. तिथलं पुठ्ठ्याचं पॅकिंग फाटलं की इंजिन भलतीकडूनच हवा ओढतं. त्या हवेला कानसेन 'खोटी हवा' म्हणायचा. पण फाटकं पॅकिंग गप्प बसत नाही, सुस्स करतं. इथे काहीच ऐकू आलं नाही, म्हणजे विषय संपला. मग त्याने प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर खोलून धुतला, पुन्हा खोलून पुन्हा धुतला, टाकी रिकामी केली. गाडी आपली तशीच. शेवटी पेट्रोलमध्येच भेसळ आहे म्हणून पंपवाल्याला शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं! हे त्याचं त्यालाही कळत होतं, म्हणून तर जीव जळत होता.

समोरच्या गोदामाच्या फाटकावर वॉचमनच्या खुर्चीत बसणारा लंबू चहाचा ग्लास घेऊन आला. जुना दोस्त. आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. आधी स्वतःची टॅक्सी होती त्याची. सहा महिन्यांपूर्वी ती भंगारात गेली आणि लंबू त्या खुर्चीवर येऊन बसला.

"सोड रे," लंबू म्हणाला. "वय झालं असेल बिचारीचं. माझीचं झालं तसं."

"उद्यापर्यंत बघतो. नाहीतर सांगतो बाईंना, मोडीत काढा म्हणून."

लंबू गेल्यावर त्याने इंजिन परत चालू केलं आणि त्या अडखळण्याकडे बघत उभा राहिला. आपल्याला हे काम येईनासं झालंय, असं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात आलं.

खांद्यावर थाप पडली तेव्हा तो दचकला. बायको डबा घेऊन उभी होती.

"केव्हाची हाका मारतेय! झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? त्या लंबूचं बरं सगळं ऐकू येतं. बायकोचं तेवढं येत नाही."

हे भांडण घरात वर्षभर चाललं होतं. ती काही सांगायची, हा खिडकीबाहेर बघत राहायचा. हल्ली तिने सांगणंच सोडलं होतं.

"काम करतोय, दिसत नाही?" तो खेकसला.

"दिसतंय. मग आधी ती गळती तरी बंद करा. डोकं उठलं माझं."

"कसली गळती?"

"मला काय ठाऊक! सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसं सुस्स चाललंय की. ते बघा, तिथे."

तिचं बोट थेट कार्बोरेटरखालच्या सांध्यावर होतं.

तो वाकला. इंजिनची धडधड ऐकू आली, पंख्याची घरघर ऐकू आली. बस्स. "आत्ता येतंय?"

"अहो, केवढ्याने!"

त्याने ओलं फडकं सांध्यावर दाबलं. फडकं आत ओढलं गेलं, आणि लंगडणारं इंजिन एकदम सरळ चालायला लागलं.

"थांबलं," बायको म्हणाली.

फडकं काढलं. "आलं." दाबलं. "थांबलं." दोष कधीच सापडला होता, तरी तो काढत होता, दाबत होता. एकदा तरी ऐकू येईल म्हणून. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि मग तिचे नुसते ओठच हलताना दिसले.

ती डबा ठेवून त्याच्या तोंडासमोर आली. "खरंच नाही येत?"

त्याने मान हलवली.

"अरे देवा! आणि मी वर्षभर रुसून बसले!" असं म्हणून ती तिथेच, तेलकट फरशीवर बसून रडायला लागली. पुठ्ठा घेऊन तो नवं पॅकिंग कापत बसला.

गाडी सुरळीत चालायला लागली तसा लंबू रिकामा ग्लास घेऊन परत आला. "वा रे पठ्ठ्या! उगाच नाही कानसेन म्हणत! काय निघालं?"

"पॅकिंग."

"एवढंसं?"

"एवढंसंच."

लंबूने बॉनेटवर हात ठेवला. "नशीबवान आहेत बाई. माझीपण अगदी अशीच करायची, आठवतं? पाय काढला की बंद. पण तिचं इंजिनच गेलं होतं. तू कान लावून सांगितलंस म्हणून बरं लेका, नाहीतर मी वेड्यासारखा तिला धरून बसलो असतो."

बायको घाईघाईने मध्येच काहीतरी बोलली. ते कानसेनला ऐकू आलं नाही. लंबूचा मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.