नानांच्या कलमांत फवारणी करताना

"अगो, तू शेवंतीची ना? मग हा पांढरा कोट घालून इथं काय करतेस?"

भरल्या कॅज्युअल्टीत नाना असं म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. नाना म्हणजे आमच्या गावचे बागायतदार. वरच्या कातळसड्यावरची सगळी हापूसची कलमं त्यांची. माझी आई वीस वर्षं त्यांच्याकडे आंब्याच्या पेट्या भरते. आणि मी त्या हॉस्पिटलात इंटर्न. रत्नागिरीकडचंच हॉस्पिटल, नाव सांगत नाही.

नाना आमच्या ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे, सरांकडे वळले. "हिची आई आमच्याकडे पेट्यांत पेंढा पसरते. आता ही आम्हाला औषध देणार. दिवस बघा कसे आलेत!"

सरही हसले. मग मला म्हणाले, "नानांना चहा आण. दोन कप."

शिपाई समोर उभा होता. तरी मी गेले. हो, गेले! नानांचं बोलणं एखाद वेळी विसरेन मी. माझं ते गुमान चालायला लागणं मरेपर्यंत विसरणार नाही.

डॉक्टर होऊन आपण चूक करतोय की काय, ही शंका आधीपासूनच होती. रक्ताची भीती नव्हती, अभ्यासाचीही नव्हती. पण हॉस्टेलवर नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न ठरलेला, "कॅटेगरी कुठली?" कोणाच्या बापाचा दवाखाना तयार, कोणाच्या मामाचं सोनोग्राफी सेंटर. मी सांगायचे, बाबा लोट्याच्या एमआयडीसीत, कंपनीत असतात. ते खरंच होतं. पण आई पेट्या भरते, आणि मोहोर आला की बाबा रजा टाकून नानांच्या कलमांवर फवारणीला जातात, हे साडेचार वर्षांत कोणाला कळू दिलं नाही. लाज वाटायची. बँकेच्या परीक्षेचा फॉर्मही मोबाईलवर भरून ठेवला होता. फोटो चढवला होता, सही चढवली होती. वाटायचं, कारकून झाले तर निदान कोणी विचारणार नाही, तू इथं काय करतेस म्हणून.

तर त्या दिवशी नानांनी बागेतल्या नेपाळी गड्याला आणलं होतं. दिलबहादूर नाव. चाळिशीचा असेल. "ढोसून पडलाय. ही जातच तसली," नाना म्हणाले. तोंडाला दारूचा वास येत होता, खोटं कशाला बोलू? सरांनी लांबूनच वास घेतला, केसपेपरवर दारूची नशा असं लिहिलं, सलाईन लावायला सांगितलं आणि नानांना घेऊन केबिनमध्ये गेले.

मी चहाचा ट्रे घेऊन त्याच्या खाटेजवळून जात होते. त्याची बायको कमला खाली उकिडवी बसली होती. तिनं माझा कोट धरला.

"दीदी, सकाळपासून झाडावर दवा मारत होता."

मी जागच्या जागी थांबले. आमच्याकडे फवारणीवाल्यांची एक खोड आहे. औषधानं गरगरायला लागलं की घोटभर दारू घ्यायची. म्हणे त्यानं औषध अंगात भिनत नाही. शुद्ध मूर्खपणा! पण करतात सगळे. एरवी दारूला न शिवणारे माझे बाबासुद्धा घेतात. फवारणीवाल्याच्या तोंडाला वास आला म्हणजे त्याला आधीच औषध लागलंय, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरांना कुठून ठाऊक असणार? मला होतं. ज्या गोष्टीची साडेचार वर्षं लाज बाळगली, तिच्यामुळेच ठाऊक होतं.

ट्रे जमिनीवर ठेवला. टॉर्च काढला. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तोंडातून लाळ, शर्ट घामानं चिंब, पोटऱ्यांचे स्नायू आपोआप उडताहेत. पुस्तकात वाचलेलं सगळं त्याच्या अंगावर होतं. कोणी बघितलंच नव्हतं.

सिस्टरना त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, काढायला सांगितलं आणि न विचारता केबिनमध्ये शिरले.

"सर, दारू नाही ही. फवारणीचं विष आहे. लवकर चला."

नाना म्हणाले, "अगो, आणि चहा?"

"बाहेर जमिनीवर आहे. उठा आणि घ्या."

एवढं मी बोलले? माझा माझ्यावर विश्वास बसेना. सर ओरडायलाच उठले होते, पण माझं तोंड बघून बाहेर आले. टॉर्च घेतला, डोळे बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. नंतर संध्याकाळपर्यंत ते खाटेजवळून हलले नाहीत, हेही सांगते. माणूस वाचला.

मग सरांनी मला बाजूला घेतलं. "पोलिसांना कळवावं लागेल. हिस्ट्रीत दारू आणि अज्ञात विषबाधा एवढंच लिही. बागेचं नको."

"का सर?"

"मी सांगतोय म्हणून."

पेपर इंग्रजीत लिहायचा असतो. मी मराठीत लिहिलं, कमलाला कोणीही वाचून दाखवू शकेल असं. नानांचं पूर्ण नाव, गाव आणि पुढे, "यांच्या कलमांत फवारणी करताना विषबाधा. मास्क, हातमोजे दिलेले नव्हते, असं पत्नी सांगते." खाली सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी आईला निरोप आला, उद्यापासून येऊ नको. आईचा फोन आला तो रडतच.

"बाय माजे, मानूस वाचला ना? मग लिवायचं काय आडलं होतं तुजं?"

फोन ठेवला. बाथरूममध्ये नळ सोडून मी पण रडले. यासाठी शिकवलं होतं का तिनं मला?

आता सरांनी एक टाईप केलेला कागद दिलाय. कामाच्या जागेची नोंद माझ्या गैरसमजातून झाली, मी माफी मागते, असा मजकूर आहे. सही केली तर लॉगबुकवर सरांची सही. नाही केली तर इंटर्नशिप लटकली. मैत्रीण म्हणते, "सही कर आणि मोकळी हो. तू काय जग सुधारायला आलीस का?"

परवा घरी जाऊन आईला समोर बसून सांगितलं, "तुझं काम माझ्यामुळे गेलं. तरी मी सही करणार नाही." ती उठून चुलीकडे गेली. रागावलीय, आणि तिचा राग खोटा नाही.

ही डॉक्टरकी माझ्यासाठी आहे की नाही, मला अजूनही कळलेलं नाही. जायचं वाटलं तर जाईन, माझ्या मर्जीनं. यांनी हाकललं म्हणून जाणार नाही, आणि राहण्यासाठी खोटं लिहून देणार नाही. उद्या दहा वाजता केबिनमध्ये बोलावलंय. कागद सहीशिवाय सरांच्या टेबलावर ठेवणार आहे. पोलिसांनी विचारलं तर त्यांनाही सगळं सांगणार आहे. बाग कोणाची, औषध कुठलं, झाडावर कोणी चढवलं. एकदा बोललेय. आता पुन्हा गप्प बसणार नाही.