पोरीएवढा गूळ

नात झाल्याचा आनंद आमच्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, ख्रिस्ती मंडळीत गूळ वाटून साजरा करायचा होता. तोही कसा, तर तागडीच्या एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात गूळ. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, नवस आपल्यात चालत नाही."

"नवस कोण म्हणतंय?" आत्याबाई उसळल्या. "गूळ वाटायचा तर किती वाटायचा ह्ये ठरवाया नगं? पोरीएवढा वाटायचा, झालं."

पाळकसाहेबांनी हात टेकले. आत्याबाईंपुढं भलेभले टेकायचे. मला मात्र हे नको होतं, कारण पोर वजन करून दाखवण्यासारखी नव्हतीच.

ही पन्नास सालानंतरची, बारामतीतली गोष्ट. किलो अजून यायचे होते, सगळा कारभार शेरावर चालायचा. मालक साखर कारखान्यावर कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार. आत्याबाई गावी, लोणी भापकरला. दोन खणांच्या भाड्याच्या घरात मी आणि पोर. पहिला मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला होता. ही पाच महिन्यांची झाली तरी अंग धरत नव्हती. माझं दूध पुरत नव्हतं आणि शेळीचं पाजलं की ओकायची. बाप्तिस्म्यालाही मी तिला अशी गुंडाळली होती की पाळकसाहेबांना कपाळाएवढीच जागा सापडली. "बाळसं धरलंय का गं?" कुणी विचारलं की मी ठोकून द्यायची, "धरलंय की!" बाईला दूध नाही म्हणजे ती आई कसली, असं बोलणाऱ्या तोंडांना काही तोटा नव्हता. आणि रोज सकाळी उठले की आधी तिच्या नाकाशी बोट धरायची. हीसुद्धा जाणार, असंच वाटायचं.

रविवारची भक्ती संपली. मंडळीतले एक तात्या गूळपेठेत तोलाईला होते. त्यांनी तागडी आणून देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, तुळईला टांगली. आत्याबाईंनी गुळाची अख्खी ढेप आणली होती. मी पोरीला दोन दुपटी, शाल, वर कानटोपी, असा सगळा जामानिमा करून आणलं होतं. भर वैशाखात!

"अगं, उकडून मरंल की लेकरू," आत्याबाई म्हणाल्या, आणि मी हात पुढं करायच्या आत सगळं सोडून त्यांनी पोरीला नुसत्या झबल्यावर पारड्यात ठेवलं.

समोर ढेप ठेवली तशी पोर झपकन वर गेली. पोरंटोरं हसली. तात्यांनी ढेप फोडून अर्धी काढली. पारडं हललं नाही. परत फोडली, परत काढली. हळूहळू हसणं थांबलं. चार-दोन ढेकळं उरली तेव्हा कुठं काटा सरळ झाला.

आत्याबाई पोरीच्या पायांकडं बघत राहिल्या. पायांच्या नुसत्या काड्या झाल्या होत्या. मग त्या भर देवळात म्हणाल्या, "अगं, ही पोर उपाशी हाय!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि राग असा आला की काय सांगू! "हाय उपाशी!" मी ओरडले. "दूध येत न्हाय मला. काय करू? जीव देऊ?" बोर्डिंगात शिकलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठं पळाली.

मग बायकांच्या जाजमावरून अंथुर्णे गावची एकजण उठली. मळ्यात राबणारी, बैलगाडीनं भक्तीला येणारी. आपलं गुटगुटीत पोरगं तिनं शेजारणीच्या मांडीवर टाकलं आणि पारड्यातनं माझी लेक उचलली. "जीव कशाला देती? आदी सांगाया काय झालतं?" असं मला फटकारून ती भिंतीकडं तोंड करून बसली आणि पोरीला पदराखाली घेतलं.

पुरुषमाणसांना कुठं बघावं कळेना. पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले, "आपण प्रार्थना करू." सगळ्यांनी डोळे मिटले.

एरवी पाळकसाहेबांची प्रार्थना आटोपशीर असायची. त्यांनी पोरीसाठी उपकार मानले, माझ्यासाठी मागितलं, आणि आता आमेन म्हणणार तोच पदराखालून आवाज यायला लागला. गटागट, गटागट. पाळकसाहेब अडखळले आणि पुढं मागत राहिले. आजाऱ्यांसाठी, म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी, कालव्याच्या पाण्यासाठी, ऊस वेळेवर तुटावा म्हणून, सरकारला सुबुद्धी व्हावी म्हणून, गुराढोरांसाठी. मागण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते परत आजाऱ्यांवर आले. एकानं चुळबूळ केली असेल तर शपथ!

माझे डोळे उघडे होते. दुसरीच्या अंगाला लागलेली माझी लेक बघून मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू? आणि त्याच वेळी मनात चाललं होतं, पी बाई, पी, पोटभर पी. आत्याबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "आजच तिच्यासंगं गाडीत बस. म्हैनाभर अंथुर्ण्यालाच ऱ्हा. माझ्या ल्योकाला काय सांगायचं ते मी सांगते."

आवाज थांबला. पोरीनं ढेकर दिला. तेव्हा कुठं पाळकसाहेब "आमेन" म्हणाले. मंडळीनं एवढ्या जोरात "आमेन" म्हटलं की पोर दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. खणखणीत, बाहेर रस्त्यावर ऐकू जाईल असं. तेवढा जोर तिच्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. मी तिला उराशी घेतलं, पण गप्प केलं नाही. रडू दिलं.