नंदीच्या खुर्चीची पूजा

"इसको बाहर बिठाओ. पूजा में लार गिरायेगी."

बोलली शेठाणी. नंदीला हाताला धरून बाहेर नेलं मी. सख्ख्या भावाने.

भाईंदर पूर्वेचा पेनं जोडायचा गाळा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तिथे सुपरवायझर. म्हणजे शेठ नसताना ओरडायचं आणि शेठ आला की चहा सांगायचा. दोन्ही कामं मला छान जमत. घरी पोरांना माझ्या शौर्याच्या गोष्टी मी रंगवून सांगतो. ही आजवर टाळली.

नंदी माझी धाकटी बहीण. बावीस वर्षांची. डॉक्टरांनी कागदावर मतिमंद लिहिलं, आणि आम्ही तिच्याबद्दल पुढचं काही वाचायचंच सोडून दिलं. शेठच्या हातापाया पडून मी तिला गाळ्यात लावली. काम सोपं. नळीत रिफिल, स्प्रिंग, वर टोपण. बाकीच्या बाया दहातलं एखादं पेन चालवून बघत. नंदी प्रत्येक पेन चालवायची. कागदावर एक गोल. गोल उमटला नाही तर पेन पुढे सोडायची नाही. शेठ ओरडला तरी नाही.

दसऱ्याला गाळ्यात रिवाज होता. ज्याने त्याने आपल्या मशीनला स्वतः हळदकुंकू लावायचं, हार घालायचा. नंदीकडे मशीन नव्हतं. तिने ठरवलं, आपली खुर्ची. आदल्या दिवशी आईजवळ बसून झेंडू ओवले. तीनदा दोरा तुटला. सकाळी निळा ड्रेस, दोन वेण्या.

आणि मी तिला जिन्यावर बसवली.

"दादा, माझी पूजा?"

"शेवटी."

"शेवटी ना?"

"हो गं. बस."

आत शेठ एकेकाचं नाव घ्यायचा. ज्याचं नाव तो पुढे व्हायचा, टाळ्या पडायच्या. दारातून नंदी दिसत होती. फुलं चुरगळू नयेत म्हणून माळ दोन्ही हातांवर धरलेली. प्रत्येक नावाला उठायची. परत बसायची. मी नजर काढून घेतली. पेढा खाल्ला. हो, खाल्ला.

तासाभराने सगळे गेले. मी तिला आत बोलावलं, तिची खुर्ची मधोमध ठेवली.

"घाल आता. ऐटीत घाल."

तिने गाळाभर बघितलं.

"आता नको, दादा."

"का गं?"

"कोण नाय आता."

तिला नुसती माळ घालायची नव्हती. सगळ्यांसमोर घालायची होती, इथे काम करणाऱ्या बाईसारखी. एवढं तिला कळत होतं. मला, मॅट्रिक पास सुपरवायझरला, कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी एकटाच गेलो. शेठला म्हटलं, नंदीला बोलवायला तुम्ही या, तिची पूजा सगळ्यांसमोर होईल.

तो हसला. "अरे, उसको तो मैंने पुण्य के लिए रखा था."

"पुण्य मंदिर में कीजिये, शेठ. यहाँ उसने काम किया है."

इतकी साफ हिंदी मी आयुष्यात बोललो नव्हतो.

"तो तू भी जा."

गेलो.

मला दुसरीकडे काम लागलं. तिला नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासाठी गाळे पालथे घालायचो. शेवटी एक भला माणूस म्हणाला, "पाठवा. मागच्या खोलीत बसवू. कोणाला दिसणार नाही, तिलाही त्रास नको."

आईला सांगितलं. आई म्हणाली, "घे ना रे. मागे तर मागे. दिवसभर अशी पडलेली नाही बघवत मला."

मला तरी कुठे बघवत होती?

तरी पुढच्या सुट्टीला त्या भल्या माणसाकडे गेलो. "ओळीत बसवा," म्हटलं. "बाकीच्या बायांच्या मधे. तसं नसेल तर ती येणार नाही."

"मग नको," तो म्हणाला.

मी शेजारच्या गाळ्यात शिरलो.